जिमची कार्डं

मार्क ट्वेनच्या 'हकलबरी फिन' या कादंबरीवरच्या माझ्या प्रकल्पाची पहिली चौदा पानं मार्गदर्शक मॅडमनी परत दिली, तेव्हा वर लाल शाईत एकच वाक्य लिहिलेलं होतं : "यात जिम कुठे आहे?"

मला ते कळेचना. जिम म्हणजे कादंबरीतला पळालेला गुलाम. त्याचं नाव तर जवळजवळ प्रत्येक पानावर होतं. मी घरी येऊन पेन्सिलीनं ती सगळी नावं गोल करून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी फोन केला.

मॅडम माझ्याहून वयानं लहान. शांतपणे म्हणाल्या, "ताई, तुम्ही हक जिमबद्दल काय म्हणतो ते लिहिलंय. हक हा तेरा-चौदा वर्षांचा पोरगा. गुलाम ठेवणाऱ्या गावात वाढलेला. त्याला जे दिसतं पण कळत नाही, ते तुम्हाला कळायला नको का?"

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. एम. ए. इंग्रजीचा अभ्यास बाहेरून, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी सुरू केला. अमेरिकन साहित्याच्या पेपरासाठी एका कादंबरीवर प्रकल्प लिहायचा होता. मी मार्क ट्वेनची 'हकलबरी फिन' निवडली, कारण शाळेत असताना तिची मुलांसाठी केलेली लहान आवृत्ती वाचली होती आणि नदीवरचा तराफा डोक्यात राहिला होता. दारुड्या बापापासून पळालेला हक आणि मालकिणीकडून पळालेला गुलाम जिम मिसिसिपी नदीतून तराफ्यावर दक्षिणेकडे जातात, एवढंच मला आठवत होतं. त्या चौदा पानांत मी तेच लिहिलं होतं. नदी म्हणजे स्वातंत्र्य, काठ म्हणजे समाजाची बंधनं, हक आणि जिम यांची मैत्री म्हणजे माणुसकी. बाजारातल्या गाईडात असतं तसं. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण पुस्तक न वाचताही ते लिहिता आलं असतं.

आमच्या ग्रंथालयाचं काम संगणकावर गेलं तेव्हापासून कॅटलॉगची जुनी कार्डं खोक्यांत पडून आहेत. पुढच्या बाजूला पुस्तकाची नोंद, मागची बाजू कोरी. मी एक खोकं घरी आणलं आणि ठरवलं, जिम जिथे जिथे येतो त्या प्रत्येक प्रसंगाचं एक कार्ड करायचं. कार्डावर तीन ओळी. पहिली, हक काय सांगतो. दुसरी, जिम प्रत्यक्षात काय करतो. तिसरी, त्या क्षणी जिमला काय माहीत आहे. कादंबरीची त्रेचाळीस प्रकरणं आहेत आणि मी रोज रात्री एक घेत असे. तिसरी ओळ भरायला सगळ्यांत जास्त वेळ लागायचा, कारण ती पुस्तकात कुठेच लिहिलेली नाही.

पहिला धक्का नवव्या प्रकरणाच्या कार्डानं दिला. नदीला पूर आलाय आणि एक लाकडी घर वाहत येतं. हक आणि जिम त्यात चढतात. आत एक माणूस मरून पडलाय, पाठीत गोळी लागलेला. जिम पुढे होऊन पाहतो, प्रेतावर चिंध्या टाकतो आणि हकला म्हणतो, तोंड बघू नकोस, फार भयंकर आहे. दुसऱ्या दिवशी हक विषय काढतो, तर जिम म्हणतो, मेलेल्या माणसाबद्दल बोलणं अशुभ असतं. हक गप्प बसतो आणि वाचकही पुढे जातो. पुस्तकाच्या अगदी शेवटच्या पानावर जिम सांगतो, तो माणूस तुझा बाप होता.

म्हणजे जवळजवळ सगळा प्रवास जिमला हे ठाऊक आहे. शाळेत वाचताना मला ही जिमची माया वाटली होती, पोराला बापाचं प्रेत दिसू नये म्हणून केलेली. आता तिसऱ्या ओळीत काय लिहायचं याचा विचार करत बसले, तेव्हा दुसरं लक्षात आलं. हक पळालाय तो बापाच्या भीतीनं. बाप मेलाय हे कळलं तर त्याला गावी परत जायला कसलीच अडचण नाही. तो गेला की जिम एकटा. एकटा काळा माणूस नदीवर दिसला तर कुणीही पकडणार. त्याच्यावर तीनशे डॉलरचं बक्षीस लागलेलं आहे. सोबत गोरा पोरगा असेल तर तो त्या पोराचा गुलाम म्हणून निभावून जाऊ शकतो. जिमला हक हवाच आहे.

हे कार्ड मी कितीतरी वेळा खोडलं. माया की गरज? मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "दोन्हींतलं एकच का हवंय तुम्हाला?" मला ते उत्तर पुरेना. पुन्हा कार्डं क्रमानं लावून बसले तेव्हा एक साधी गोष्ट दिसली. नवव्या प्रकरणापर्यंत त्या दोघांना नदीतल्या एका बेटावर एकत्र येऊन थोडेच दिवस झालेत. तेव्हा जिमच्या गप्प बसण्यात भीती जास्त असणार. पण पुढे प्रवास वाढतो, जिम हकच्या वाटची रात्रीची पाळी स्वतः करतो, त्याला झोपू देतो. गुपित तेच राहतं, ते ठेवण्याचं कारण मात्र हळूहळू बदलत जातं. पात्राचा 'स्वभाव' एका वाक्यात सांगायची सवय मला तिथे सोडावी लागली. तोवर मी जिमला विशेषणं लावत होते, साधा, प्रेमळ, भोळा. तारीख लावणं मला सुचलंच नव्हतं.

त्याच सुमारास भिंतीवर नकाशा लावला. मिझुरी राज्य, जिथून ते निघतात, तिथे गुलामगिरी होती. नदीच्या पलीकडे इलिनॉय, मुक्त राज्य. मग जिम सरळ पलीकडेच का जात नाही? तर इलिनॉयमध्येही काळ्या माणसांविरुद्ध कडक कायदे होते आणि पळालेल्यांना धरून परत पाठवत. त्यांचा बेत होता केरो गावापर्यंत जायचा. तिथे ओहायो नदी मिळते, तिथून आगबोटीनं वर मुक्त राज्यांत. पण धुक्यात केरो मागे पडतं, आणि तराफा जिमला गुलामगिरीच्या आणखी खोल मुलखात नेत राहतो. नदी म्हणजे स्वातंत्र्य, असं मी लिहिलं होतं! नकाशावर बोट ठेवून ती नदी पाहिली आणि ते पान फाडून टाकलं.

धुक्याच्या प्रकरणावर मी सगळ्यांत जास्त दिवस घालवले. रात्री धुक्यात दोघांची ताटातूट होते. जिम हाका मारून थकतो, रडतो, झोपतो. हक परत येतो आणि गंमत म्हणून सांगतो की असं काही घडलंच नाही, तुला स्वप्न पडलं. जिम विश्वास ठेवतो, स्वप्नाचा अर्थही लावतो. मग तराफ्यावर पडलेला पालापाचोळा आणि मोडकं वल्हं दाखवून हक विचारतो, याचा अर्थ काय?

यानंतर जिम जे बोलतो ते मला इंग्रजीत नीट वाचताच येत नव्हतं. ट्वेननं सुरुवातीलाच सांगितलंय की पुस्तकात त्यानं वेगवेगळ्या बोली मुद्दाम कष्टानं वापरल्या आहेत. जिमची बोली उच्चाराप्रमाणे, मोडक्या स्पेलिंगांत छापलेली आहे. डोळ्यांनी वाचलं की तो अडाणी वाटतो, आणि नकळत आपण त्याला हसायला लागतो. मी कार्डावर मराठी करायला घेतलं तर माझ्या हातून नाटकातल्या गावरान नोकराची भाषा उतरली. वाचून मलाच वाईट वाटलं. मग आजीची आठवण झाली. आजी साताऱ्याकडची. शाळेचं तोंड न पाहिलेली, आणि मी पाहिलेल्या माणसांत सगळ्यांत शहाणी. तिला गावात ज्या शब्दानं हाक मारत, तो शब्द मी आजवर कुठे लिहिलेला नाही. तिच्या आवाजात जिमला बोलू दिलं :

"तुला हाका मारूमारू दमलो, डोळा लागला, तवा जीव निम्मा झाल्ता माजा, तू गावंना म्हून. माजं न् तराफ्याचं कायबी हुईना का म्हनलं. जागा झालो तर तू समूर, धडधाकट. डोळ्यांस्नी पानी आलं. गुडघं टेकून तुज्या पायाचा मुका घ्यावा वाटला. आन तुज्या डोस्क्यात काय, तर ह्या म्हाताऱ्याला लबाडी करून येडं कसं करावं. त्यो थितं पडलाय त्यो केरकचरा. आन जो आपल्या सोबत्याच्या डोक्यावर घान टाकून त्येला लाजिवतो, त्यो बी केरकचराच."

हे मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं वाचलं. बोली तीच, आणि आता हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मालकाच्या जातीतल्या पोराला एक गुलाम तोंडावर केरकचरा म्हणतोय. त्याला फटके बसू शकतात, विकलं जाऊ शकतं. तरी तो बोलतो, आणि बोलून सरळ आपल्या खोपटात जातो. हकला त्याची माफी मागायला जायचं मनावर घ्यायला पंधरा मिनिटं लागतात. ती पंधरा मिनिटं हक स्वतः सांगतो. खोपटातल्या जिमची पंधरा मिनिटं कशी गेली असतील, ते तिसऱ्या ओळीत लिहायचं होतं. राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय कादंबरीकारानं 1958 साली लिहिलं होतं की काळ्या माणसाच्या विनोदी सोंगाच्या मुखवट्याआडून जिमची प्रतिष्ठा वर येते. ते वाक्य मी आधी वाचलं होतं, टिपूनही ठेवलं होतं. अर्थ त्या रात्री लागला.

इथे त्या शिवीबद्दल सांगायला हवं. काळ्या माणसासाठीचा तो अपमानकारक शब्द या पुस्तकात दोनशेहून जास्त वेळा येतो. 2011 साली अमेरिकेत एक आवृत्ती निघाली, तिच्यात त्या जागी 'गुलाम' असा शब्द घातला होता. माझं मत त्याविरुद्ध आहे. तो शब्द तिथे तितक्या सहज येतो, चांगल्या माणसांच्या तोंडून येतो, हेच त्या समाजाचं चित्र आहे. शेवटाकडे सॅली नावाची एक प्रेमळ बाई येते. आगबोटीवर स्फोट झाला, असं हक तिला खोटंच सांगतो. कुणाला लागलं का, ती काळजीनं विचारते. हक म्हणतो, नाही, एक काळा मेला. (तो शब्द वापरून.) बाई म्हणते, नशीब, कधी कधी माणसं जखमी होतात. तिथे शब्द बदलला तर तिच्या चांगुलपणाला पडलेली ती भेग झाकली जाते. पण माझ्या कार्डांवर मी मात्र तो लिहिला नाही. एक छोटी रेघ ओढली.

सोळाव्या प्रकरणात माझी कार्डांची पद्धत पहिल्यांदा खरी उपयोगी पडली. केरो जवळ आलं असं वाटून जिम आनंदानं बोलतोय. स्वतंत्र झाल्यावर पैसे साठवून बायकोला सोडवीन, मग दोघं मिळून मुलांना. मालकानं विकायला नकार दिला तर कुणाकडून तरी चोरून आणवीन. हक हादरतो. ज्या मालकानं आपलं काही वाकडं केलं नाही त्याची मुलं हा चोरणार? त्याची सदसद्विवेकबुद्धी त्याला टोचते आणि तो जिमला पकडून द्यायचं ठरवून होडीत बसतो, वरवर मात्र केरो आलं का बघायला. हकनं सांगितलेलं एवढं.

आता जिम काय करतो? होडीत हकला बसायला स्वतःचा जुना कोट पसरतो. वल्हं हातात देतो. होडी थोडी दूर गेल्यावर ओरडून सांगतो, तू माझा एकटाच मित्र आहेस, जिमला दिलेला शब्द पाळणारा तू एकमेव गोरा माणूस आहेस. हकचे हातपाय गळतात. पुढे बंदुका घेतलेले दोन माणसं भेटतात तेव्हा तो देवीच्या रोगाची थाप मारून जिमला वाचवतो.

मी आधी याला जिमचा भोळा कृतज्ञपणा म्हटलं होतं. पण पुढच्याच पानावर हक तराफ्यावर परत येतो तेव्हा जिम तिथे नसतो. तो पाण्यात असतो, वल्ह्याखाली, नुसतं नाक वर काढून. त्यानं सगळं बोलणं ऐकलेलं आहे, आणि माणसं तराफ्यावर आली असती तर पोहत सुटायची त्याची तयारी होती. ज्याचा आंधळा विश्वास असतो तो असा आधीच पाण्यात उतरत नाही. हकच्या चेहऱ्यावरून त्याला काहीतरी कळलं होतं. ते 'शब्द पाळणारा' त्यानं नेमकं तेव्हाच, नेमक्या अंतरावरून उच्चारलं. आणि तरी ते खोटं नव्हतं. हकखेरीज त्याला खरंच कुणी नव्हतं. कोट, हाक आणि पाण्यातलं नाक अशी तीन कार्डं शेजारी ठेवली तेव्हा मला पहिल्यांदा जिम दिसला.

एकतिसाव्या प्रकरणाबद्दल खूप लिहिलं गेलंय, म्हणून मी थोडक्यात सांगते. दोन भामटे जिमला विकून टाकतात. हक मालकिणीला, मिस वॉटसनला, पत्र लिहितो की जिम अमुक ठिकाणी आहे. लिहिल्यावर त्याला पापमुक्त झाल्यासारखं वाटतं. मग तो जिमला आठवत बसतो, आणि शेवटी 'ठीक आहे, मग मी नरकात जाईन' म्हणत पत्र फाडतो. गुलामाला मदत करणं पाप आहे ही त्याची समजूत शेवटपर्यंत तशीच राहते. तो पाप करायला तयार होतो, इतकंच. ट्वेननं 1895 साली आपल्या टिपणवहीत लिहिलं होतं की या पुस्तकात निकोप हृदय आणि विकृत सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि सदसद्विवेकबुद्धी हरते.

मला प्रश्न पडला होता, चांगल्या मनाच्या मुलाला हे चूक आहे असं एकदाही कसं वाटत नाही? याचं उत्तर मला मिळालं ते मुंबईतल्या एका प्रसंगात. ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर जानेवारी 1896 मध्ये मुंबईत आला होता. त्या प्रवासाचं पुस्तक 1897 साली निघालं आणि आमच्याच ग्रंथालयात त्याची एक जुनी प्रत होती. हॉटेलच्या खोलीत गच्चीकडच्या काचेच्या दाराचं काहीतरी काम होतं. एक नोकर गुडघ्यांवर बसून ते करत होता. तिथल्या धिप्पाड जर्मन माणसाचं समाधान होईना, त्यानं काय चुकलं ते न सांगताच नोकराच्या तोंडात मारली. नोकर काही बोलला नाही. ट्वेन लिहितो, पन्नास वर्षांत असं पाहिलं नव्हतं. क्षणात आपलं मिझुरीतलं बालपण आठवलं, जिथे गुलामाला काय हवंय ते याच पद्धतीनं सांगत. तेव्हा ते आपल्याला योग्य आणि स्वाभाविक वाटत होतं, असं तो कबूल करतो. आणि मार खाणाऱ्याबद्दल दुःख व मारणाऱ्याबद्दल शरम वाटायची, हेही त्याच दमात सांगतो. योग्य वाटणं आणि शरम वाटणं, दोन्ही एका मुलाच्या आत. हक तिथून आला होता. मी ते पान वाचून बराच वेळ प्रत हातात धरून बसले. मुंबईतल्या त्या नोकराचं नाव पुस्तकात नाही.

शेवटची दहा-बारा प्रकरणं वाचणं मला त्रासाचं गेलं. हकचा मित्र टॉम सॉयर येतो आणि कोंडलेल्या जिमला सोडवायचा खेळ मांडतो. साहसकथांत असतं म्हणून त्याच्या खोपटात साप आणि उंदीर सोडतो. जिम सगळं सोसतो. आणि शेवटी कळतं की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली, मृत्युपत्रात जिमला मुक्त करून. टॉमला हे आधीपासून माहीत होतं. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेनं म्हटलं होतं की सारं आधुनिक अमेरिकन साहित्य या पुस्तकातून आलं, पण जिमला पळवून नेतात तिथेच वाचन थांबवा, पुढची फसवणूक आहे. मला थांबणं पटलं नाही. गुलामगिरी 1865 साली कायद्यानं संपली. 1877 पर्यंत दक्षिणेतल्या काळ्या माणसांना असलेलं केंद्र सरकारचं संरक्षण निघून गेलं होतं. ट्वेननं पुस्तक 1876 च्या सुमारास सुरू केलं, मध्ये बाजूला ठेवलं आणि 1883 मध्ये संपवलं. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं काळ्यांचे नागरी हक्क सांगणारा 1875 चा कायदा रद्दबातल ठरवला. कागदोपत्री मुक्त असलेला माणूस प्रत्यक्षात साखळीत, आणि गोरी पोरं त्याच्या मुक्तीचा खेळ खेळतायत. हा शेवट मला त्या काळाचंच चित्र वाटतो. तो वाचताना येणारा संताप, माझ्या मते, लेखकालाच हवा होता.

वडिलांच्या कपाटात जोतीरावांची 'गुलामगिरी' होती. 1873 ची. तिची अर्पणपत्रिका मी लहानपणापासून पाहत आले होते : गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या सुटकेसाठी तो कित्ता गिरवावा या इच्छेनं. जोतीरावांनी तो आदर्श हातात घेतला, आणि तीनच वर्षांनी ट्वेन त्याच मुक्तीत काय अपुरं राहिलं ते लिहायला बसला. प्रकल्पात ही दोन पुस्तकं शेजारी ठेवलेली दोन पानं आहेत. मला ती सगळ्यांत प्रिय आहेत.

सगळी कार्डं झाल्यावर मी ती वेगवेगळ्या प्रकारे लावून पाहत होते. एकदा नुसती पैशांची काढली. मिस वॉटसनला जिमचे न्यू ऑर्लिन्सला आठशे डॉलर मिळणार असतात. पळून आल्यावर जिम म्हणतो, आता मी माझा मालक, म्हणजे मी आठशे डॉलरचा श्रीमंत. मग चाळीस दिसले. सोळाव्या प्रकरणात ती बंदूकवाली माणसं देवीच्या भीतीनं लांब राहतात आणि दया म्हणून हकला वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी देतात. चाळीस. भामटे जिमला विकतात ते चाळीस डॉलरना. आणि अखेरच्या प्रकरणात टॉम, इतका छान कैदी झालास म्हणून, जिमच्या हातात पैसे ठेवतो. चाळीस. जिम आनंदानं म्हणतो, मी सांगितलं नव्हतं का, मी श्रीमंत होणार! तीन कार्डं एकाखाली एक ठेवून मी मॅडमना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. "ताई, हे मी पंधरा वर्षं शिकवतेय, आणि मला दिसलं नव्हतं."

शेवटचं कार्ड मी जिमच्या बायकोचं केलं. मिस वॉटसनच्या घराजवळच्या एका शेतावर ती गुलाम आहे. मुलांची नावं जिमच्या तोंडून कळतात, एलिझाबेथ आणि जॉनी. एलिझाबेथ लाल तापातून उठलेली चार वर्षांची मुलगी. दार लाव म्हटलं तर लावत नाही म्हणून जिम तिला मारतो, आणि वाऱ्यानं दार धाडकन आपटतं तरी ती वळत नाही तेव्हा त्याला कळतं की पोर बहिरी झालीये. रात्रीच्या पाळीत गुडघ्यांत डोकं घालून तो हे आठवून रडतो. बायकोचं नाव मात्र कुठेच नाही. अखेरच्या प्रकरणात, जिम स्वतंत्र झाल्यावर, तिची आणि मुलांची आठवण कुणीच काढत नाही. चाळीस डॉलरमध्ये कुणालाच सोडवता येणार नाही हेही कुणी म्हणत नाही. कार्डावर 'नाव' लिहून पुढे जागा कोरी सोडली.

प्रकल्प सादर झाल्यावर मी पर्सिव्हल एव्हरेटची 'जेम्स' वाचली. 2024 ची कादंबरी, हीच गोष्ट जिमच्या तोंडून सांगणारी. तिला 2025 चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. काम संपेपर्यंत हात लावायचा नाही असं मी ठरवलं होतं, नाहीतर माझी तिसरी ओळ त्यानंच भरली असती. त्यात जिमच्या बायकोला नाव आहे, सेडी. मी खोकं उघडून ते कार्ड काढलं. पेन टेकवलं आणि थांबले. ट्वेनच्या पुस्तकात ते नाव नाही, तर त्या कार्डावरही ते लिहिता येत नाही. नवं कार्ड घेतलं, त्यावर सेडी लिहिलं आणि जुन्याच्या मागे ठेवलं.